स्टिरिओ नवा, पण गाडीला झोप लागली पाहिजे

दृश्य : पोलोचा डॅशबोर्ड जवळून. जुना स्टिरिओ सुरू आहे.

चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगन पोलो भारतात २०१० ते २०२२ विकली गेली. पुण्यात कुठल्याही सिग्नलला थांबा, एखादी दिसतेच. इंजिन ठणठणीत, पत्रा ठणठणीत. वय दिसतं ते स्टिरिओत. मॅप नाही, फोनची स्क्रीन नाही. मालक नऊ इंची अँड्रॉइड सेट घेतो, दुकानदार तासाभरात बसवून देतो आणि गाणी वाजतात. घरी गेल्यावर लक्षात येतं, की स्टिअरिंगवरची बटणं मुकी झालीत, एफएमवर खरखर आहे आणि चावी काढली तरी सेट चालूच आहे.

सेट खराब नसतो. आधीच्या स्टिरिओकडे गाणी वाजवण्यापलीकडची जी कामं होती, ती नव्याला कोणी सांगितलेलीच नसतात.

त्यामुळे पैसे देण्याआधी गाडीत काय काय चालतं ते कागदावर लिहून काढा. स्टिअरिंगची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सरचं चित्र, हेडलाइट लावल्यावर मंद होणारी स्क्रीन, यूएसबी, माइक. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न : हे स्टिरिओपर्यंत पोचतं कसं? साध्या वायरनं, की कॅनवरून?

कॅन म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी. गाडीतले कंट्रोलर याच जोडीवरून एकमेकांशी बोलतात. पोलोत या वायरी नारिंगी रंगाच्या, त्यांवर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ. चावी फिरली, बटण दाबलं, रिव्हर्स पडला, दिवे लागले, हे सगळं स्टिरिओला इथूनच कळतं. बऱ्याच साध्या गाड्यांत चावीबरोबर चालू-बंद होणारी एसीसीची वेगळी वायर स्टिरिओच्या कपलरपर्यंत येते. पोलोत ती येतच नाही. घोळ सुरू होतो तो इथे.

दृश्य : प्लास्टिकच्या पट्टीनं डॅशची चौकट उचलली जाते. मागे चार स्क्रू.

बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प १० नंबरच्या पान्यानं सोडवा. त्याआधी जुन्या स्टिरिओचा चोरीविरोधी कोड कागदावर असल्याची खात्री करा. उद्या गाडी विकताना तो सेट परत बसवायचा झाला तर लागेल. चौकट क्लिपांवर आहे, प्लास्टिकच्या पट्टीनं निघते. स्क्रूड्रायव्हर घुसवला की डॅशवर कायमची खूण. चौकटीमागचे चार स्क्रू टॉर्क्स टी-२० चे, म्हणजे चांदणीच्या खाचेचे. ते काढून सेट पुढे ओढला की मागे मोठा चौकोनी कपलर दिसतो, क्वाडलॉक. त्याची खिट्टी वर उचलली की तो आपोआप सुटतो. ताकद लावावी लागत असेल तर खिट्टी पूर्ण उचललेली नाही.

नवा सेट घेताना दुकानात मागायचं ते एवढंच : कपलर टू कपलर, कॅन बॉक्ससकट. नाना पेठेत हे शब्द लगेच कळतात. हार्नेसचं, म्हणजे कपलर लावलेल्या तयार वायरींच्या जुडग्याचं, एक टोक गाडीच्या क्वाडलॉकला, दुसरं सेटला, मध्ये काडेपेटीएवढी डबी, तोच कॅन बॉक्स. गाडीची एकही वायर कापायची नाही. कापून, पिळून, काळी टेप गुंडाळलेला जोड मे महिन्यातल्या डॅशमागच्या उष्णतेत सुटतो. गोंद पातळ होतो आणि टेप उलगडते. शिवाय वॉरंटीतल्या गाडीत इलेक्ट्रिकल तक्रार घेऊन गेलात, की सर्व्हिस सेंटरवाले आधी हीच टेप शोधतात.

कॅन बॉक्स गाडीची भाषा ऐकतो आणि सेटला समजेल अशा शब्दांत सांगतो. एसीसी, हेडलाइट आणि रिव्हर्सचे सिग्नल तोच तयार करतो. त्याची एसीसीची वायर फक्त इशारा देण्यापुरती असते. तिच्यावर डॅशकॅम किंवा चार्जर लादू नका. जोडणी झाल्यावर सेटच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये जाऊन डबीवर छापलेली कंपनी आणि गाडीचं मॉडेल निवडावं लागतं. फिटर हीच पायरी विसरतात. ही निवड, म्हणजे प्रोटोकॉल, चुकीची असेल तर गाणी वाजतात, बटणं मात्र मेलेली राहतात, आणि मग बिचाऱ्या डबीला दोष जातो.

सगळ्याच गाड्यांना कॅन बॉक्स लागत नाही. अनेक गाड्यांमध्ये स्टिअरिंगची बटणं रेझिस्टन्सवर, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावर चालतात. एकच वायर, प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स. मल्टिमीटर ओह्मवर ठेवून ती वायर आणि ग्राउंड यांच्यात धरा आणि बटणं एकेक दाबा : आकडा दर वेळी बदलला, तर गाडी या जातीची. ती वायर सेटच्या ‘की-१’ ला, दुसरी असेल तर ‘की-२’ ला, आणि ग्राउंड ग्राउंडला. मग सेटच्या लर्निंग मेनूत बटण दाबून त्याचं काम शिकवायचं. आवाज वाढवायला गेलं आणि गाणंच बदललं, तर आधी ग्राउंड तपासा. तो ढिला असला की सगळे आकडे सरकतात. स्टिअरिंगखाली पिवळा कपलर दिसला तर हात मागे घ्या. तो एअरबॅगचा.

आता एफएम. पोलोच्या छतावरच्या अँटेनात छोटा ॲम्प्लिफायर आहे आणि त्याला वीज अँटेनाच्याच केबलमधून जाते. मूळ स्टिरिओ ती पुरवतो, बाजारातला सेट पुरवत नाही. म्हणून अँटेनाची केबल सेटला जोडणारा फाक्रा अडॅप्टर घ्यायचा तो निळी वायर असलेला, आणि ती वायर सेटच्या अँटेनाच्या निळ्या वायरला जोडायची. ती लोंबकळत राहिली की शहरात कसंबसं ऐकू येतं, घाटात काहीच नाही. दुसरी गंमत सेटिंगची. सेट अमेरिका विभागावर असेल तर तो ०.२ च्या पायऱ्यांनी चालतो : १००.९, मग थेट १०१.१. पुण्याची विविध भारती १०१.० वर आहे, ती मधल्या फटीत हरवते. विभाग युरोप करा, सापडेल.

स्पीकरच्या वायरींचे रंग बाजारात ठरलेले आहेत. पांढरी पुढे डावीकडे, राखाडी पुढे उजवीकडे, हिरवी मागे डावीकडे, जांभळी मागे उजवीकडे; काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह. पण ही निगेटिव्ह म्हणजे ग्राउंड नव्हे. सेटमधली आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, स्पीकरच्या दोन्ही टोकांना सिग्नल देते. एक टोक बॉडीला टेकलं तर आयसी जाते, आणि ती दुरुस्त करण्यापेक्षा नवा सेट स्वस्त वाटू लागतो. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले तर काही जळत नाही, फक्त बास गायब होतो. खोक्यावरच्या ‘४ × ४५ वॉट’वर फार भरवसा नको, ते कमाल आकडे असतात, सलग मिळणारी ताकद चॅनेलमागे वीसेक वॉटच्या आसपास.

गाडीला कंपनीचाच वेगळा ॲम्प्लिफायर असेल, तर स्पीकरचं आउटपुट त्यात घालू नका, आवाज फाटतो. त्याला सेटचं लाइन आउट, म्हणजे न वाढवलेला सिग्नल हवा आणि जागं करायला निळी-पांढरी वायर.

कॅमेऱ्यात दोन सापळे. टोयोटाच्या काही गाड्यांचा मूळ कॅमेरा ६ व्होल्टवर चालतो. त्याला थेट १२ दिले की तो संपला, मध्ये व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर हवा. आणि नवा कॅमेरा रिव्हर्स लाइटवरून चालवला, तर पोलोसारख्या गाडीत चित्र थरथरू शकतं, कारण गाडी बल्ब शाबूत आहे का हे तपासायला वायरवर बारीक ठोके पाठवते. लाइटवरून फक्त रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चालवा, कॅमेऱ्याला वीज सेटकडून द्या. चित्र काळं-पांढरं किंवा फाटकं दिसलं, तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा प्रकार बदलून पाहा. एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचा कॅमेरा साध्या व्हिडिओवर ठेवला की असंच होतं.

दृश्य : मल्टिमीटरचा पडदा. आकडा उतरतो आहे.

चौकट अजून बसवू नका.

एसीसी मिळाली नाही की काही फिटर सेटची एसीसीची लाल वायर पिवळीला जोडून मोकळे होतात. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा सप्लाय. सेट मग कधीच झोपत नाही. चुकीच्या प्रोटोकॉलचा कॅन बॉक्सही गाडीला जागं ठेवू शकतो. सेट सतत ०.८ अँपिअर खात राहिला, तर २४ तासांत १९ अँपिअर-तास गेले. ४४ अँपिअर-तासांची बॅटरी असलेली गाडी शुक्रवारी रात्री लावली, तर सोमवारी सकाळी ती नुसतं टकटक करेल.

तपासायचं असं. मीटर १० अँपिअरवर, लाल प्रोब दहाच्या भोकात. निगेटिव्ह क्लॅम्प आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर. बॉनेटला स्विच असेल तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला बॉनेट मिटलेलं वाटेल. दारं लॉक करा, चावी दूर न्या. मीटर असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. सुरुवातीला आकडा काही अँपिअर दाखवेल, मग पायरी-पायरीनं उतरेल. अर्धा तास थांबा. ०.०२ ते ०.०५ वर स्थिरावला तर गाडी झोपली. अर्ध्यावर अडकला तर सेटचा फ्यूज काढून पाहा; लगेच पडला, तर चोर सापडला.

आकडा ०.०३. मीटर काढा, क्लॅम्प घट्ट करा. बॅटरी सोडली होती, म्हणून गाडी चालू केल्यावर स्टिअरिंगचा दिवा पेटलेला दिसेल; थोडं अंतर चालवलं की विझतो. काच एका झटक्यात वर जात नसेल तर ती पूर्ण वर नेऊन बटण क्षणभर ओढून धरा. हार्नेसला कापडी टेप गुंडाळा, नाहीतर खड्ड्यात कपलर डॅशवर खडखडेल.

आता चौकट दाबा. क्लिपांचे आवाज मोजा.