आधी टॉर्च, मग औषध

मंडळी, आमच्या पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात दार उघडल्या उघडल्या कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "जरा कडक औषध मारा हो." घरभर वास सुटला, डोळे चुरचुरले, चार झुरळं उताणी पडलेली दिसली की पैसे वसूल झाले असं लोकांना वाटतं. मी आज सांगणार आहे ते याच्या उलट. वासाचा आणि कामाचा काही संबंध नाही. किडा कुठे राहतो, काय खातो, कुठून आत येतो हे शोधणं हे खरं काम. ते ज्याने केलं नाही त्याचं औषध कितीही कडक असो, महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

झुरळांपासूनच सुरुवात करू. घरात मुख्यतः दोन जातींशी गाठ पडते. एक मोठं, लालसर तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटरचं. याला अमेरिकन झुरळ म्हणतात. ते बहुतकरून गटारात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये राहतं आणि रात्री जाळीतून वर येतं. त्याच्यासाठी बैठकीची खोली फवारून काय मिळणार? चेंबरला औषध घाला, जाळी नीट बसवा, पाइपभोवतीची फट सिमेंटने बुजवा. बराचसा प्रश्न तिथेच मिटतो. दुसरं जर्मन. दीड सेंटिमीटरच्या आसपासचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या. हे येतं ते बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यातून किंवा जुन्या उपकरणातून, आणि एकदा आलं की पिढ्यान् पिढ्या घरातच नांदतं. खरी डोकेदुखी हीच.

ते बघायला टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसावं लागतं. ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडा आणि बिजागरीपाशी प्रकाश टाका. मिरपूड सांडल्यासारखी काळी कणी दिसेल. ती त्यांची विष्ठा, आणि तिच्या वासानेच बाकीची झुरळं तिथे गोळा होतात. फ्रिजमागची कॉम्प्रेसरजवळची जागा, सिंकची खालची कड, मिक्सरचा तळ: जिथे अरुंद फट आहे, ऊब आहे आणि पाणी जवळ आहे, तिथे ती दिवसभर एकमेकांना खेटून बसलेली असतात. एखाद्या मादीच्या पोटाच्या टोकाला तपकिरी पाकीट दिसेल. त्यात ३० ते ४० अंडी असतात. पिल्लं बाहेर पडायच्या बेताला येईपर्यंत ती हे पाकीट अंगावर वागवते, आणि पाकिटाच्या आत औषध सहसा पोचत नाही. म्हणजे आज फवारलंत, दिसली तेवढी मेली, तरी पुढची पिढी सुखरूप असू शकते.

बाजारात धुराचे डबे मिळतात. खोलीत ठेवायचा, कळ दाबायची, दार लावून बाहेर पडायचं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली असे डबे लोकांच्या राहत्या घरांत वापरून पाहिले. जर्मन झुरळं काही कमी झाली नाहीत. जमिनीवर, ओट्यावर कीटकनाशकाचा थर मात्र वाढला. नवल नाही. धूर वरून खाली बसतो, आणि झुरळं फटीच्या आत असतात. त्याच अभ्यासात जेलने, म्हणजे ठिपक्यांनी लावायच्या विषारी आमिषाने, झुरळं भराभर घटली.

जेलचा गुण असा की त्यात विष सावकाश काम करतं. झुरळ ते खाऊन आपल्या फटीत परततं, तिथे विष्ठा टाकतं, तिथेच मरतं. झुरळं एकमेकांची विष्ठा खातात, मेलेली झुरळंही खातात. पिल्लं तर पहिले काही दिवस फारशी बाहेर फिरकतच नाहीत, त्यांना विष घरपोच मिळतं. मात्र जेलचे तीन-चार मिलिमीटरचे पुष्कळ ठिपके फटींच्या तोंडाशी लागले पाहिजेत. एकाच जागी मोठा गोळा थापून भागत नाही. आणि जेलवर स्प्रे मारायचा नाही. स्प्रेमधली बरीचशी औषधं झुरळाला पळवून लावणारी असतात, मग ते जेलच्या जवळच येत नाही. एकाने जेल लावायचं आणि दुसऱ्याने मागोमाग स्प्रे मारायचा, हे किती घरांत चालतं विचारू नका.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९०च्या सुमारास काही ठिकाणची जर्मन झुरळं चांगलं चाललेलं आमिष अचानक खाईनाशी झाली. आधी वाटलं, विषाला सरावली. तसं नव्हतं. आमिषात ग्लुकोज होतं, आणि या झुरळांना ग्लुकोजच नकोसं झालं होतं. २०१३ साली कळलं की त्यांच्या तोंडावरच्या चव ओळखणाऱ्या, कडू कळणाऱ्या पेशी ग्लुकोजलाही प्रतिसाद देतात. गोड खाणारी मेली, गोडाला नाक मुरडणारी उरली आणि वाढली. म्हणून चांगला कारागीर जेल बदलत राहतो.

मुंग्यांचं एकच सांगतो. फॅरो नावाची बारीक पिवळसर मुंगी असते. तिच्या वसाहतीत अनेक राण्या असतात. रांगेवर स्प्रे मारलात की वसाहत फुटते आणि एकाच्या चार होतात. तिला आमिषच हवं.

ढेकणांच्या बाबतीत लोक लाजतात, आणि लाजण्यात वेळ घालवतात. ढेकूण सामानातून, प्रवासाच्या बॅगेतून येतो. तो तुमची स्वच्छता तपासत नाही, त्याला रक्त हवं असतं. चावल्याने खाज सुटते, झोप उडते; पण तो माणसांत रोग पसरवतो असं आढळलेलं नाही. गादीची शिवण उलटून बघा, पलंगाचे सांधे बघा, डोक्याकडची फळी भिंतीपासून ओढून मागे बघा. काळे डाग, सोडलेल्या काती, मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी. घाबरून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका. तो तुमच्या मागे येतो, आणि एका खोलीचं काम दोन खोल्यांचं होतं. नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना तो जगभर दाद देईनासा झाला आहे. उष्णतेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. ५० अंश सेल्सिअसच्या वर अंड्यांसकट मरतो. म्हणून कपडे गरम ड्रायरमध्ये, शिवणींना वाफ.

वाळवीचं भिंतीवरचं मातीचं भुयार दिसलं की लोक पहिलं काम करतात ते झाडूने पाडायचं. पाडू नका, आधी आम्हाला बघू द्या. वाळवीचं अंग मऊ, उघड्यावर ती सुकून मरते, म्हणून ही झाकलेली वाट. ती कुठून निघाली यावरून जमिनीतली जागा कळते. जमिनीतून येणाऱ्या वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत भोकं पाडून औषध मातीत सोडतात. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडसारखं औषध तिला जाणवत नाही. ती त्यातून जाते आणि अंगावरून इतरांना देते. नुसत्या दरवाजाच्या चौकटीवर फवारून कुणी हमी देत असेल, तर ती हमी कागदाच्या किमतीची.

आता उंदीर. लहान घरउंदीर साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. त्यामुळे दाराखालची फट आधी, पिंजरा मागून. मोठा उंदीर संशयी असतो. नव्या वस्तूला तो कित्येक दिवस शिवत नाही. पिंजरा पहिले काही दिवस खटका न लावता, नुसतं खाणं ठेवून सोडा. रक्त पातळ करणारी विषंही याच स्वभावामुळे चालतात: खाल्ल्यानंतर मरायला काही दिवस लागतात, म्हणून त्याला त्या खाण्याचा संशय येत नाही. एक मात्र हात जोडून सांगतो. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कुणीही, कशासाठीही ठेवू देऊ नका. ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि झोपलेली माणसं दगावतात.

माणूस बोलावलात की त्याला विचारा: औषधातला मुख्य घटक कोणता, परवाना आहे का, कुठे कुठे लावणार, पुन्हा कधी येणार. घरात मांजर असेल तर आधी सांगा. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला फार घातक. माशांची टाकी असेल तर झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा. "दुसऱ्या फेरीची गरज नाही" म्हणणारा नको, कारण अंडी उबायची असतात.

आणि जेल लावल्यावर पहिले काही दिवस झुरळं भरदिवसा, झोकांड्या खात बाहेर दिसतील. तेव्हा स्प्रे उचलू नका, मलाही फोन करू नका. दोन आठवड्यांनी मी येणारच आहे, सिंकखाली ठेवलेल्या चिकट सापळ्यांवरची मोजायला.