सांध्यातला व्होल्ट

(पडद्यावर: हेडलाइटचा जुना कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, अगदी जवळून)

पिनेवर हिरवट पुटं दिसताहेत ना? हे शेवाळ नव्हे. पितळेतलं तांबं खाऱ्या दमट हवेने खाल्लंय. जीप पर्यटकांना भाड्याने देण्यातली आहे, काळ्या पाटीवर पिवळे आकडे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी उतरवायला बंदी आहे. चेसीच्या कोपऱ्यांत वाळू कुठून आली, हे मेस्त, म्हणजे दुकानातले मिस्त्री, विचारत नाहीत.

म्हापशातलं हे ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. मे संपत आला की इथे रांग लागते. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तक्रारी ठरलेल्या. उजवी लाइट मंद, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, इंडिकेटर दिला की पार्किंग लाइटही मिणमिणते. ही शेवटची तक्रार ऐकली की मेस्त बल्बकडे वळूनही पाहत नाहीत, सरळ अर्थिंगचा, म्हणजे निगेटिव्ह वायर चेसीला जोडणारा, बोल्ट शोधतात.

दोन्ही हेडलाइटना मिळून साधारण १० अँपिअर करंट लागतो. एवढा करंट ज्या सांध्यातून जातो तो गंजला आणि तिथे ०.१ ओहम अडथळा तयार झाला, तर १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. नखाएवढ्या जागेत १० वॉटची उष्णता! प्लास्टिक आधी तपकिरी होतं, मग वितळतं. बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. मालकाला वाटतं, बल्बच वीक झालाय. मग ६०/५५ (हाय बीम/लो बीम) च्या जागी १००/९० वॉटचा बल्ब बसतो, आणि आधीच तापलेला कपलर आणखी तापतो.

(पडद्यावर: मेस्तांचे हात, वायर सोलताना)

कपलर कापून टाकायचा, वायरी एकमेकींना पिळायच्या, वर काळी टेप. रस्त्याकडेला हे काम पाच मिनिटांत होतं. पण उन्हात टेपचा गोंद सुटतो, पावसाचं पाणी आत शिरतं आणि तिथेच मुरतं.

इथे वॉटरप्रूफ कपलर बसतोय. बॅटरीची निगेटिव्ह आधीच काढून ठेवली आहे. पहिल्यांदा वायरीत रबरी सील ओवायचं. ते राहिलं तर पिन बसल्यावर चढवता येत नाही, कापून पुन्हा सुरुवात. मग वायर सोलायची, आतली एकही तार न तोडता. पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्याला आवळते, मागची सीलला. पिन आवळायचा हा क्रिंपर रॅचेटचा आहे, पुरता दाबल्याशिवाय सुटतच नाही. पक्कडीने चेपलेली पिन वरून घट्ट दिसते, आत मात्र तारांमध्ये फट राहते. मेस्त प्रत्येक पिन ओढून बघतात, मग कपलरमध्ये सारतात. ‘टक्’ असा आवाज आला नाही तर पिनेची जीभ अडकलेली नाही.

सोल्डर का नको, हा वाद दुकानात चहाबरोबर चालू असतो. सोल्डर तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो, आणि इंजिनच्या थरथरीने वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. या वादात आम्ही मेस्तांच्या बाजूने आहोत.

जास्त वॉटच्या लाइट हव्याच असतील तर नुसता कपलर बदलून भागत नाही. रिले लागतो, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर त्याच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून लाइटला. ८५ आणि ८६ वर फक्त कॉइल. स्विचकडे मग किरकोळ करंट उरतो. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कपलरांना मात्र इथे कोणी टेस्ट लॅम्पही लावत नाही. ते एअरबॅगचे.

(पडद्यावर: मल्टिमीटरचा आकडा)

निगेटिव्ह परत लावली. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा बल्बच्या पिनेवर. दिसतो तो वाटेत खर्ची पडणारा व्होल्ट. सकाळी इथे दीड व्होल्ट दिसत होता, आता ०.२.

मालकाने उजव्या बाजूचंच काम सांगितलं होतं. मेस्त डावीकडचा कपलर ओढून काढतात, उजेडाला धरून बघतात आणि मालकाला फोन लावतात.