दगडू नावाड्याची नोंद

(सांगलीतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पोस्टरवर ‘कॅम्पेन मॅनेजमेंट’ वाचून पुढच्या रांगेतले दोघे-तिघे निवडणुकीच्या प्रचाराचं काहीतरी ऐकायला आलेत. तसं नाहीये. इथं कॅम्पेन म्हणजे टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळात अनेक बैठकांमधून, म्हणजे सेशनमधून, चालणारी एकच लांब गोष्ट, आणि तिच्या नोंदी कशा ठेवायच्या ते मी सांगणार आहे. पण आलाच आहात तर बसा, चहा आहे.

खेळ असा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण गेम मास्टर, तो जग सांगतो. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र घेतात आणि त्याच्या तोंडून बोलतात. जमेल की फसेल अशी वेळ आली की फासे टाकायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत निघालं, तिथून हे पसरलं. सांगलीत मात्र मी वेगळं उदाहरण देतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सूत्रधार पद्यातून कथा पुढं न्यायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी करायची. आमचंही तेच. फक्त भाव्यांच्या प्रेक्षकांना सीता कुणाच्या गळ्यात माळ घालणार ते ठाऊक होतं, आमच्याकडं ते सूत्रधारालाही ठाऊक नसतं.

माझं जग कृष्णाकाठचंच, नावं बदललेली. नदीचं मोठं वळण, संगम, हळदीचे व्यापारी, मधूनमधून येणारा पूर. खेळ सुरू करण्याआधी चार महिने मी नुसता लिहीत होतो. राजघराण्याच्या अकरा पिढ्या लिहिल्या. वर्ल्ड अँव्हिल नावाच्या, कल्पित जगं रचायच्या वेबसाइटवर धर्म, भाषा, शहर, प्रत्येकाचा साचा तयार मिळतो आणि त्यात काय लिहायचं त्याचे प्रश्नही असतात. रिकामी चौकट दिसली की भरल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. परीक्षेची सवय, दुसरं काय.

पहिल्याच सेशनला पोरं नदीवर आली आणि म्हणाली, “नावाड्याचं नाव काय?”

अकरा पिढ्यांत एकही नावाडी नव्हता. मी म्हटलं, दगडू. कानात बाळी आहे, भाडं आधी घेतो. दोन आठवड्यांनी परत त्याच घाटावर आलो तर मी बिनदिक्कत म्हणालो, “सखाराम होडी सोडतो.” एका मुलीनं वही उघडली. “सर, हा दगडू होता. डाव्या कानात बाळी.” मी थाप मारली, हा दगडूचा भाऊ. “मग दगडू कुठाय?” झालं! पुढचे तीन तास सगळे दगडूला शोधत होते. राजघराणं बसलं वाळत.

त्या रात्री माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चार महिने लिहिलेलं सगळं कच्चं होतं. टेबलावर चार माणसांसमोर बोललेलं वाक्य तेवढं पक्कं. आणि नोंद नेमकी त्याचीच नव्हती.

आता मी ऑब्सिडियन हे नोंदी ठेवायचं अ‍ॅप वापरतो. दगडूची आजची नोंद वाचून दाखवतो: ‘नावाडी, उत्तर घाट. डाव्या कानात बाळी. भाडं आधी. टेबलावर: पुराच्या आदल्या रात्रीपासून बेपत्ता, भाऊ सखाराम. मनात: व्यापाऱ्याच्या चोरपेवाची जागा त्यानं पाहिलीय.’ संपली नोंद. (पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीखालचा खड्डा.) ‘मनात’ पुढचं मी वाटेल तेव्हा खोडतो. ‘टेबलावर’ पुढचं खोडत नाही, कितीही पस्तावलो तरी.

खेळ चालू असताना एवढंही लिहायला वेळ नसतो. तेव्हा नावाभोवती फक्त दुहेरी चौकटी कंस टाकायचे. नोंद अजून नसली तरी तिची लिंक तयार होते, जरा फिकट दिसते. सेशन संपल्यावर फिकट नावं बघायची. तीनदा आलेल्या नावाला स्वतःची नोंद, बाकीची राहू देत तशीच. दगडू ‘माणसं’ फोल्डरमध्ये ठेवू की ‘घाट’मध्ये, यावर मी पूर्वी अर्धा तास घालवायचो. लिंक असल्या की तो वाद मिटतो. दगडूचं नाव कुठल्या सेशनमध्ये आलं ते बॅकलिंकमध्ये आपोआप दिसतं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळा. ‘घाट’ शोधला तर ‘घाटावर’ सापडतो, पण ‘वाडा’ शोधून ‘वाड्यात’ सापडत नाही. ‘नावाडी’ शोधून ‘नावाड्याला’ नाही. आपल्या सामान्यरूपाची ही करणी. त्यामुळं वाड्याच्या नोंदीत उपनाव म्हणून ‘वाड्या’ घालून ठेवा, आणि लिंक देताना कंसात मूळ नाव, मग उभी रेघ, मग वाक्यात हवं ते रूप लिहा. दिसतं ‘वाड्यात’, उघडतो वाडा. हे कळायला मला एक वर्ष लागलं.

खेळाडूंनाही नोंदी दाखवायच्या असतील तर कांका ही ऑनलाइन सेवा बरी. कुठली नोंद कुणाला दिसावी ते तिथं ठरवता येतं. मी दाखवत नाही. त्या मुलीची वही माझ्यापेक्षा चोख असते.

आणि अकरा पिढ्या? त्यांचा ‘पेव’ नावाचा फोल्डर केलाय. हरिपूरची पेवं पाहिलेल्यांना कळेल: तोंड अरुंद, पोट मोठं, आत हवा नाही म्हणून हळदीला कीड नाही. पण उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं, आधी वारा खेळू द्यायचा. सेशनच्या आदल्या रात्री मी त्या फोल्डरमध्ये जात नाही, गेलो की पाचवा राजा कुठंतरी घुसवायचा मोह होतो. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं होतं, तेव्हा बॅकअपचं वेगळं सांगायला नको. ऑब्सिडियनच्या फायली साध्या मजकुराच्या, आपल्याच कॉम्प्युटरवर असतात, पेनड्राइव्हवर कॉपी केल्या की झालं. ऑनलाइन सेवा घेतलीत तर सगळं बाहेर कसं काढायचं ते पहिल्याच दिवशी बघा.

आता लॅपटॉप लावतो. कुणीतरी एका गावाचं नाव सांगा, खोटं चालेल. आणि तिथं एसटीतून उतरल्यावर पहिला माणूस कोण भेटतो तेही.