सीबीसी ‘नॉर्मल’ आली? मागचा रिपोर्ट काढा

नमस्कार! पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण नाशिककर काय विचारतो? “मारुतीला कुठवर आलंय?” गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला... आणि लगेच पुढचं, “चढतंय की उतरतंय?” रिपोर्ट वाचताना मात्र हा दुसरा प्रश्न आपण विसरतो.

मी गंगापूर रोडच्या एका लॅबमध्ये रक्त काढते. अझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट चालू असलेले बरेच जण सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला येतात. कुणाला संधिवात, कुणाला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), कुणाची किडनी बदललेली. या गोळ्या प्रतिकारशक्तीला आवर घालतात, पण हाडांच्या मज्जेत नव्या पेशी बनतात ते कामही त्यांनी मंदावू शकतं. सुरुवातीला अंगाला काही कळत नाही. कळतं ते या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून. (सीबीसीला उपाशी यावं लागत नाही हो! चहा पिऊन या.)

समजा, पांढऱ्या पेशी आल्या 4,200. रेंज साधारण 4,000 ते 11,000. काका खूश, रिपोर्ट घडी करून खिशात. पण मागच्या खेपेला 6,100 होत्या, त्याआधी 7,800. एकही आकडा रेंजबाहेर म्हणून ठळक छापलेला नाही, तरी पाणी उतरतंय. आणि इथे उतरणंच काळजीचं.

दुसरी फसगत प्रेडनिसोलोनची. या स्टेरॉइडने पांढऱ्या पेशींचा आकडा वर जातो, म्हणून एकूण बेरीज छान दिसते. त्यात न्यूट्रोफिल्सही (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतात, म्हणून नुसत्या चांगल्या आकड्यावर निर्धास्त राहू नका. आणि न्यूट्रोफिल्स बघायच्या त्या टक्क्यांत नाही, संख्येत. एकूण 4,000 आणि न्यूट्रोफिल्स 30 टक्के, म्हणजे 1,200. 1,500 च्या खाली कमी, 500 च्या खाली फार धोक्याचं. गोळीचा डोस कधी बदलला तेही रिपोर्टवर पेनने लिहा. आमचे एक काका कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाशेजारी पेशी लिहितात. मला तरी यापेक्षा सोपी पद्धत सापडलेली नाही.

तपासणी किती वेळा? औषध नवीन असताना दर आठवड्या-दोन आठवड्यांनी, सगळं स्थिरावलं की बहुधा तीन महिन्यांनी. डोस वाढला की पुन्हा लवकर लवकर. सुरुवातीची घाई उगाच नाही. एनयूडीटी 15 या जनुकातला बदल आपल्याकडे बऱ्याच जणांत असतो, आणि त्यांच्या पेशी अझाथायोप्रिनने काही आठवड्यांतच कोसळू शकतात, केसही झपाट्याने गळतात. डॉक्टर आधीच ती चाचणी सांगू शकतात.

युरिक अ‍ॅसिडसाठी कुणी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिलं, तर अझाथायोप्रिन चालू असल्याचं तिथेच सांगा. दोन्ही एकत्र आली की अझाथायोप्रिन शरीरात साठतं, डोस बराच कमी करावा लागतो.

ताप 100.4 च्या वर, तोंडात फोड, घसा धरलेला, न आपटता काळेनिळे डाग, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, किडनी बदललेल्यांनी तर मुळीच नाही.