फुल अँड फायनलवर सही करताय? आधी ग्रॅच्युइटीचा हिशेब करा

नमस्कार मंडळी! राजीनामा मंजूर झाला, लॅपटॉप जमा केला, आयकार्डही देऊन टाकलं. आता एचआरवाले एक कागद पुढे सरकवतात: फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब. खाली बारीक अक्षरात, "माझं कंपनीकडे काहीही येणं बाकी नाही." थांबा! सहीआधी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा.

नोटीस पिरियडची वसुली त्या कागदावर हमखास असते, ती कुणी विसरत नाही. गाळली जाते ती ग्रॅच्युइटी, म्हणजे केलेल्या नोकरीच्या वर्षांबद्दल कंपनीनं द्यायची एकरकमी रक्कम. "तुम्ही स्वतःहून सोडताय ना, मग कसली ग्रॅच्युइटी?" असं बिनदिक्कत सांगतात. साफ खोटं! सलग पाच वर्षं भरली असतील, तर राजीनामा दिला तरी ती मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे (नव्या कामगार कायद्यांप्रमाणे) एक वर्ष भरलं तरी मिळते. आणि नोकरीत असताना माणूस गेला, तर पाच वर्षांची अटच नाही, पैसे वारसाला मिळतात.

चला, आकडे टाका. शेवटचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता), समजा महिना २६,०००. भागिले २६, गुणिले १५. आले १५,०००, एका वर्षाचे. नोकरी ७ वर्षं ८ महिने? सहा महिन्यांच्या वर गेलं की वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे आठ. झाले १,२०,०००. आता सांगा, सोडायचे?

खरी गोम बेसिकमध्ये असते. पगार ६०,०००, बेसिक जेमतेम २०,००० आणि बाकी नाना तऱ्हेचे भत्ते. या संहितांमधल्या वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणजे हिशेब ३०,००० वर. सॅलरी स्लिप जपून ठेवा म्हणते ती यासाठी.

थकलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत, उशीर झाला तर व्याजासकट. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले, तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी दाद लागली नाही, तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहेच.

पीएफ? नवी नोकरी लागली असेल तर काढू नका, ट्रान्सफर करा. पीएफच्या पेन्शनसाठी नोकरीची १० वर्षं लागतात, ट्रान्सफर केलं की ती जोडून मोजली जातात. कंपनीनं एक्झिटची, म्हणजे नोकरी सोडल्याची, तारीख टाकलीच नाही, तर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मध्ये जाऊन ती तुम्हीच टाकू शकता.