पात्याच्या बुडाशी लिहिलेली तारीख

(दृश्य: दोन पात्यांचा घडीचा चाकू, अर्धवट उघडलेला. कॅमेरा मोठ्या पात्याच्या बुडाशी जातो.)

पातं पूर्ण उघडा आणि धार संपते तिथून मुठीकडे या. मुठीत शिरण्याआधी पात्याचा एक चपटा, बिनधारेचा, जेमतेम नखाएवढा भाग उरतो. त्याला टँग म्हणतात. घडीच्या चाकूची जन्मनोंद बहुतेक वेळा इथे सापडते.

या चाकूच्या टँगवर केस असं कंपनीचं नाव आहे, त्यापुढे एक्स एक्स, खाली यू. एस. ए. आणि एक ओळ टिंबांची. उजेड समोरून टाकला तर टिंबं दिसत नाहीत. टॉर्च आडवी धरा, पात्याला जवळजवळ समांतर. आता प्रत्येक टिंबाच्या कडेला सावली पडते. दहा पटीचं भिंग लावा आणि मोजा. सात. नावातलं एस हे अक्षरही नीट बघा. ते गोलसर नाही, विजेच्या रेघेसारखं कोनदार आहे. कोनदार एस आणि सात टिंबं, म्हणजे या पात्यावर ठसा पडला 1983 मध्ये.

हे कसं कळलं, त्यासाठी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, ब्रॅडफर्ड नावाच्या छोट्या गावात जावं लागेल.

(दृश्य: नकाशा. पेनसिल्व्हेनियाची उत्तर सीमा, ब्रॅडफर्ड.)

केस घराण्यातले भाऊ 1889 पासून न्यूयॉर्क राज्यातल्या लिटल व्हॅली या गावी चाकूच्या धंद्यात होते. डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ही कंपनी 1905 मध्ये ब्रॅडफर्डला आली आणि आजही तिथेच आहे. त्या एक्स एक्सची हकीकत कंपनीत अशी सांगतात: पाती भट्टीत कडक करून निघाली की त्या तबकावर एक फुली मारायची, आणि दुसऱ्यांदा शेकून त्यांचा ठिसूळपणा काढला की दुसरी. आपल्याकडचा लोहार म्हणतो ना, पात्याला पाणी दिलंय, तशीच ही कारखान्यातली खूण. दोन फुल्या, म्हणजे पाण्याचं काम पुरं झालं. पुढे ती फुली नावाचाच भाग होऊन बसली.

1940 ते 1964 या काळातल्या पात्यांवर नुसतं केस एक्स एक्स. 1965 पासून 1969 पर्यंत त्याखाली यू. एस. ए. तोवर ठशावरून काळ कळायचा, पण ढोबळ. पंचवीस वर्षांचा पट्टा हातात आला तरी नेमकं साल कुणी सांगू शकत नसे.

1970 मध्ये कंपनीने ठशाखाली दहा टिंबं दिली. 1971 मध्ये नऊ. मग दरवर्षी एक कमी, 1979 मध्ये एकच. 1980 उजाडलं तेव्हा पुन्हा दहा टिंबं आली, पण गोंधळ होऊ नये म्हणून अक्षराचं वळण बदललं. आपण मघाशी पाहिलेला कोनदार एस तो हाच. टिंबं वर्ष सांगतात, अक्षर दशक सांगतं. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय तारीख लागत नाही, आणि नवखा माणूस चुकतो तो इथेच. सात टिंबं मोजतो, 1973 म्हणून मोकळा होतो.

टिंबं वाढवत न जाता कमी का करायची? ठसा ज्या पोलादी डायने उमटतो तिच्यावर अक्षरं उठावाची असतात, उलटी. उठावाचं टिंब घासून काढणं सोपं. नवं टिंब उभं करायचं तर डायच नव्याने कोरावी लागते. कमी करत जाण्याची पद्धत कारागिराच्या हाताला धरून आहे, आणि मला ती फार आवडते. कॅलेंडर कागदावर ठेवण्याऐवजी त्यांनी ते हत्यारातच ठेवलं.

(दृश्य: तीन चाकू शेजारी शेजारी. टँगवर टिंबं, आकड्यातलं वर्ष, फुल्या.)

1990 मध्ये कंपनीने टिंबं सोडली आणि सरळ आकड्यात वर्ष छापलं. वाचणाऱ्याला याहून सोपं काय असणार? तरी थोड्याच वर्षांत टिंबं परत आली. संग्राहकांना ती मोजायची सवय झाली होती. 2000 मध्ये पाच फुल्या आणि पाच टिंबं अशी सरमिसळ आली, आधी फुल्या कमी होत गेल्या, मग टिंबं. 2005 च्या पात्यावर नुसती पाच टिंबं दिसतात.

त्याच गावात झिप्पो लायटरचा कारखाना आहे, 1932 पासूनचा. तिथेही 1950 च्या दशकाच्या शेवटी लायटरच्या बुडावर टिंबं आली, दरवर्षी एक कमी होणारी. पुढे उभ्या रेघा, मग तिरक्या रेघा, आणि 1986 पासून महिन्याचं अक्षर व रोमन आकड्यात वर्ष. 1993 मध्ये झिप्पोने केस कंपनीच विकत घेतली. तारखेच्या खुणांचे दोन वेगळे संसार एका मालकाखाली आले.

आता मूळ मुद्दा. त्या सात टिंबांनी आपल्याला नेमकं काय सांगितलं? पात्यावर ठसा 1983 च्या डायने पडला, एवढंच. चाकू त्या वर्षी जुळवला गेला, डब्यात भरला गेला, दुकानात पोचला, यातलं काहीही टिंबं सांगत नाहीत. पाती आधी थप्पीने तयार होतात. मग त्यांना पाणी चढतं, घासणं होतं आणि मूठ, चाप, खिळे यांच्याशी त्यांची गाठ पडते. मागच्या वर्षाची पाती उरली तर कुणी ती भंगारात टाकत नाही. म्हणूनच असे जुने केस चाकू मिळतात ज्यांच्या एका पात्यावर नुसतं एक्स एक्स आहे आणि दुसऱ्यावर यू. एस. ए. तेही आहे. दोन पाती, दोन काळ, मूठ एक. असे संक्रमणातले चाकू संग्राहक आवर्जून शोधतात, आणि ते खोटे समजून टाकून देणारेही भेटतात. दोन पात्यांच्या चाकूवर नेहमी दोन्ही टँग वाचायचे.

पातं उलटं करा. मागच्या बाजूला बहुधा चार आकडे असतात. 6254 हा त्यातला प्रसिद्ध. सहा म्हणजे मुठीचा प्रकार, इथे हाड. दोन म्हणजे पाती दोन. चोपन्न हा घडणीचा क्रमांक, ट्रॅपर नावाच्या चाकूचा. आता मुठीकडे बघा. आकडा हाड सांगतोय आणि मूठ पिवळ्या प्लास्टिकची असेल तर कुणीतरी मूठ बदललेली आहे. पात्यावरचं वर्ष खरं असूनही तो चाकू त्या वर्षाचा राहिलेला नाही.

(दृश्य: फिरंग तलवार, पात्यावर युरोपीय खूण, वर आपल्याकडची मूठ.)

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्या संग्रहालयांतल्या फिरंग तलवारी बघा. पातं युरोपातून आलेलं, मूठ इथली. अशा काही पात्यांवर जर्मनीतल्या झोलिंगनचा धावता लांडगा कोरलेला असतो, आणि युरोपीय पात्यांना मागणी होती म्हणून त्यांच्या खुणा इथल्या कारागिरांनीही कोरल्या. खूण वाचली म्हणजे तलवार वाचली असं तेव्हाही नव्हतं.

सैन्याच्या चाकूत मात्र कोडं घालायला जागा नसते. स्वित्झर्लंडच्या सैनिकाचा 1961 सालचा नमुना घ्या. ॲल्युमिनियमची खरबरीत रुपेरी मूठ, तिच्यावर ढाल आणि क्रॉस. व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर हे दोन्ही कारखाने तो सैन्याला पुरवायचे आणि टँगवर कारखान्याच्या नावाजवळ वर्षाचे शेवटचे दोन आकडे असायचे. 78 म्हणजे 1978. बस. हा नमुना 2008 पर्यंत चालला. त्याच कारखान्यांपैकी कुणाचा दुकानातला लाल चाकू घेतलात तर त्यावर असं वर्ष बहुधा मिळणार नाही; तिथे ठशाच्या मजकुरावरून आणि हत्यारांच्या आकारावरून अंदाज बांधावा लागतो.

बक या अमेरिकी चाकू कंपनीने 1986 पासून टँगवर मॉडेलच्या आकड्याशेजारी दरवर्षी एक चिन्ह द्यायला सुरुवात केली. 1986 ला डावीकडे तोंड केलेला कोन, 1987 ला उजवीकडे. या चिन्हांना मोजणी नाही, तक्ता जवळ ठेवावाच लागतो. त्याआधीच्या बक 110 या मॉडेलवरही टिंबं दिसतील. ती केसच्या हिशोबाने मोजू नका. ती ठशाच्या पिढ्या दाखवतात. एका कारखान्याची बाराखडी दुसऱ्याला लावली की हमखास चुकीचं साल निघतं.

(दृश्य: आधुनिक महागडे चाकू. टायटेनियमच्या मुठी, बारीक लेझर अक्षरं.)

महागड्या आधुनिक चाकूंकडे येऊ. मायक्रोटेक ही 1994 ची कंपनी. सुरुवात फ्लोरिडात, काही काळ कारखाना याच ब्रॅडफर्डमध्ये, आता नॉर्थ कॅरोलायनात. यांच्या अनेक मॉडेलांच्या पात्यावर महिना आणि वर्ष आकड्यात असतं, सोबत अनुक्रमांक. इतकं स्पष्ट लिहिलेलं असल्यामुळेच सावध राहावं लागतं. महाग वस्तूची नक्कल होते आणि लेझरने आकडे कोरणं आज कुणालाही जमतं. अस्सल चाकूचा फोटो शेजारी ठेवून आकड्यांची जाडी, त्यांच्यातलं अंतर, ओळीचा सरळपणा ताडून बघा. आणि अनुक्रमांक तोच असलेला दुसरा चाकू विक्रीला दिसला, तर दोनपैकी एक तरी बनावट आहे.

क्रिस रीव्ह यांचा कारखाना अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात आहे. त्यांच्या सेबेन्झा या चाकूने टायटेनियमच्या मुठीचं युग आणलं म्हटलं तरी चालेल. सेबेन्झाची जन्मतारीख चाकूसोबतच्या छोट्या कार्डावर मिळते. तारीख, मॉडेल, सगळं हाताशी. पण कार्ड कागदाचं. चाकू तीन हात बदलतो तेव्हा ते कुणाच्या तरी कपाटात राहून जातं. मला यात कारखान्याची थोडी चूक वाटते. इतक्या अचूक कामाची नोंद धातूवर हवी होती.

कार्ड हरवलं तर? मग पोलाद विचारायचं. पात्यावर पोलादाचं नाव असेल तर ते वाचा. एस 30 व्ही हे क्रूसिबल कंपनीचं पोलाद 2001 मध्ये आलं, आणि ते घडवताना क्रिस रीव्ह यांचाही सल्ला होता. एस 35 व्हीएन 2009 मध्ये आलं, एस 45 व्हीएन 2019 मध्ये. एस 45 व्हीएनचं पातं असलेला सेबेन्झा 2010 चा म्हणून कुणी विकत असेल, तर त्याला पात्याबद्दल प्रश्न विचारा. कदाचित दुरुस्तीत पातं बदललं असेल, आणि तसं असेल तर तसं सांगून किंमत ठरली पाहिजे. पोलाद नेमकं वर्ष देत नाही, पण कुठल्या वर्षाच्या आधीचं नाही हे पक्कं सांगतं. सेबेन्झा 21 हे मॉडेल 2008 चं, सेबेन्झा 31 हे 2019 चं. मॉडेल आणि पोलाद यांचा मेळ घातला की काळाचा पट्टा बराच आवळता येतो.

(दृश्य: मऊ फडकं, तेलाचा थेंब. टँग जवळून.)

आणि एक कळकळीची विनंती. जुना चाकू हाती आला की तो चकचकीत करायचा मोह होतो. टँगला पॉलिश लावू नका, काथ्याने घासू नका, ग्राइंडरच्या चाकाला तर अजिबात नाही. डायने पडलेला ठसा खोल असला तरी टिंबं लहान असतात आणि आधी तीच जातात. सातातलं एक टिंब पुसलं की 1983 चा चाकू 1984 चा होतो. मऊ फडक्यावर तेलाचा एक थेंब घ्या, गंज असेल तिथे तो रात्रभर मुरू द्या आणि सकाळी लाकडी टूथपिकने अक्षरांच्या खोबणीतला मळ काढा. मग टॉर्च आडवी धरून फोटो घ्या, दोन्ही पात्यांचे, दोन्ही बाजूंनी. विकताना किंवा विकत घेताना हेच फोटो आधी मागितले जातात.