साकोलीचे आमदार कागदावर ‘अमजद खान’ कसे झाले?

राम राम मंडळी! मागं दिसते ती आमची तूर, अन् मी धुऱ्यावर बसून बोलतोय, कारण घरात रेंज नाही.

परवा पानठेल्यावर पेगाससचा विषय निघाला. फोनात चोरून शिरणारं हे सॉफ्टवेअर सरकारनं लोकांवर वापरलं, असा आरोप झाला होता ना, तोच. एक काका म्हणाले, “माह्या फोनात काय हाय बे? सोयाबीनचा भाव अन् नातवाचे फोटू. आयकू दे सरकारले!”

काका, आधी आपल्याच भागातली गोष्ट ऐका. साकोलीचे आमदार नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत आरोप केला, की 2016-17 साली त्यांचा फोन ‘अमजद खान’ या नावानं टॅप झाला. गुन्हा दाखल झाला, पुढं हायकोर्टानं तो रद्द केला. तो वाद बाजूला ठेवा. मला यात वेगळंच दिसतं. आरोप खरा धरला, तर खोटं नाव काहून लागलं? कारण टॅपिंगला कागद लागतो. गृहसचिवाचा लेखी आदेश, 60 दिवसांची मुदत, वाढवली तरी 180 च्या वर नाही. कागद असला की कधीतरी कोणाच्या तरी हाती लागतो.

स्पायवेअर, म्हणजे हेरगिरीचं सॉफ्टवेअर, त्यात मोबाइल कंपनीला असं आदेशाचं पत्रच जात नाही. पेगासस तर लिंक न दाबताही फोनात शिरू शकतं. मग मेसेज, फोटो, लोकेशन सगळं त्याचं, माइकही बाहेरून चालू होतो. व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप वाटेतल्या चोरासाठी आहे हो, हा तर घरातच बसलेला. 2019 मध्ये असे सुमारे 1,400 फोन लक्ष्य झाल्याचं व्हॉट्सअ‍ॅपनंच सांगितलं, त्यात नागपूरचे एक वकीलही होते.

आता समजा, अतिवृष्टीच्या पंचनाम्यात गडबड झाली अन् तुम्ही पत्रकाराला फोन केला. तुमचा फोन साफ आहे, पण त्याचा नसेल तर? तुमचं नाव गेलंच ना.

2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य कारण हवं, अन् कारणापुरताच हात घालावा. 2021 मध्ये पेगाससवर कोर्टानं समिती नेमली. तिनं 29 फोन तपासले. 5 मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच होतं असं ठरलं नाही. केंद्र सरकारनं सहकार्य केलं नाही, असंही समितीनं कळवलं. माझ्या मते खरी बातमी तीच होती.

पेगासस घेतलं की नाही, हे सरकारनं प्रतिज्ञापत्रावर सांगितलं नाही. कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं. बनवणारी इस्रायली कंपनी एनएसओ म्हणते, आम्ही फक्त सरकारांनाच विकतो.

हे सगळं काकांना सांगितलं. ते खर्रा घोटत ऐकत होते. मग म्हणाले, “थे जाऊ दे. घेतलं असंन, तर पैसे कोणाचे देल्ले?”